राख वीज केंद्राची, धूळ मात्र गावाची

परळीच्या आसपास रस्त्यालगत ज्यांचं रान आहे, त्यांना राखेची ओळख करून द्यायला नको. टिपर गेला की मागं पांढुरकी पूड उडते. ती कापसाच्या पानावर बसते, वेचणीच्या बोंडावर बसते आणि दारातल्या पाण्याच्या हंड्यातही जाते. जानेवारी 2025 मध्ये तर राखेच्या टिपरची धडक बसून तालुक्यात एका सरपंचाचा जीव गेला. तेव्हा हा प्रश्न नुसत्या धुळीचा राहिलेला नाही.

परळीत 1971 पासून कोळशावर वीज तयार होते. जुने संच बंद झाले, आज 250 मेगावॅटचे तीन संच आहेत. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण फार. 100 टन कोळसा जाळला तर साधारण 30 ते 40 टन राख उरते. कोळसा रेल्वेच्या वाघिणीतून येतो. राख मात्र मोठ्या प्रमाणात रस्त्यानं बाहेर पडते. खरं दुखणं इथंच आहे.

राख म्हणजे टाकाऊ माल, असं समजू नका. सिमेंटमध्ये, विटांमध्ये, रस्त्याच्या भरावात तिला मागणी आहे. मागणी आहे म्हणूनच एवढ्या गाड्या धावतात. कोरडी राख बंद टँकरमधून, म्हणजे बल्करमधून न्यायची असते. तळ्यातली राख ओली करून, वर ताडपत्री घट्ट बांधून न्यायची असते. उघड्या टिपरमध्ये कडेपर्यंत भरलेली राख ही चूकच आहे, मग गाडी कुणाचीही असो.

केंद्र सरकारनं 1999 साली राखेच्या वापराचे नियम काढले आणि 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनं ते कडक केले. ठरलेल्या मुदतीच्या चक्रात सगळी राख उपयोगात आणायची. न वापरलेल्या राखेवर टनाला 1,000 रुपये पर्यावरण भरपाई.

आता 'सीएसआर'चं बघा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक नफा, उलाढाल किंवा मत्ता असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला किमान 2 टक्के पैसा समाजाच्या कामावर घालवायचा असतो. त्यात कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जे काम दुसऱ्या कायद्यानं कंपनीवर बंधनकारक आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. गाडी झाकणं आणि राखेचं तळं ओलं ठेवणं हे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. शाळेला बाकं दिली म्हणून उघड्या टिपरची माफी होत नाही. उद्योजकांनीही ओळखावं, की मालाची वाहतूक ठेकेदाराला दिली तरी जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकून मोकळं होता येत नाही. ठेक्यातच झाकलेली गाडी, वजनाची मर्यादा, गावाबाहेरचा मार्ग आणि शाळेच्या वेळेत बंदी या अटी घालता येतात. जिथं रेल्वेनं राख पाठवणं जमेल, तिथं तीच वाट धरावी.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनी काय करावं? ग्रामसभेत ठराव घ्या. उघड्या गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि परिवहन खात्याकडे लेखी तक्रार द्या. पिकावर राख बसली असेल तर पंचनाम्याचा अर्ज लगेच करा. महानिर्मिती ही सरकारी कंपनी आहे. 10 रुपयांचं शुल्क भरून माहितीच्या अधिकारात राख किती निघाली, कुणाला दिली आणि सीएसआरचा पैसा कोणत्या गावात गेला, हे विचारता येतं. उत्तराची मुदत 30 दिवस.

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, अगदी राखेसारखीच. कागद मात्र जागेवर राहतो. तेव्हा येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर राखेचा विषय घ्याच.