कारखान्यातून निघालेल्या क्वाडचा वेग

वाळू, चिखल आणि माळरान तुडवण्यासाठी बनवलेल्या, मोटारसायकलसारखे हॅन्डल आणि रुंद फुगीर टायर असलेल्या चारचाकी वाहनाला एटीव्ही किंवा क्वाड म्हणतात. त्यात कोणताही फेरफार न करता ते किती वेगाने पळते, या प्रश्नाच्या उत्तरात सुझुकीचे एलटी500आर आजही अग्रभागी आहे. 1987 ते 1990 या काळात विकल्या गेलेल्या आणि ‘क्वाडझिला’ या टोपणनावाने गाजलेल्या या यंत्रात जेमतेम 500 सीसीचे, एकाच सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन होते आणि ते ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पोहोचत असे. 1987 मध्येच आलेल्या यामाहा बॅन्शी या क्वाडचे दोन सिलिंडरांचे 347 सीसी इंजिन आरडी350 या मोटारसायकलच्या घराण्यातले होते; एस्कॉर्ट्सची राजदूत 350 ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या घराण्याचा तापटपणा वेगळा सांगायला नको.

पुढे 2006 मध्ये आलेल्या यामाहाच्याच रॅप्टर 700 या क्वाडचे इंजिन 686 सीसीचे, म्हणजे बॅन्शीच्या जवळजवळ दुप्पट असूनही त्याचा सर्वोच्च वेग मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही, आणि याचे कारण इंजिनापेक्षा हवेत अधिक आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या पटीत वाढत असल्याने, ताशी 100 वरून 120 किलोमीटरवर जाण्यासाठी केवळ हवेपुरतीच पावणेदोनपट शक्ती खर्ची पडते. त्यात स्वार उघड्यावर ताठ बसलेला असतो. चेन ज्यावर फिरते त्या पुढच्या दातेरी चक्राचे दात तेरावरून चौदा केले, तर कागदावरचा वेग सात-आठ टक्क्यांनी वाढतो, पण चढावर आणि वाळूत लागणारा जोर तेवढाच घटतो. म्हणून कारखाना मधला मार्ग पत्करतो.

खरी विसंगती जमिनीची आहे. हे आकडे टणक, सपाट जागेवर मिळतात आणि क्वाड घडवलेले असते ते भुसभुशीत जमिनीसाठी. स्पोर्ट क्वाडची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असल्याने वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरण्याची मुभा नसते. मातीत चाक घसरून हा फरक निभावून नेते, डांबरावर मात्र टायर चिकटतो आणि वाहन वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. माहितीपत्रकांत सर्वोच्च वेग सहसा छापला जात नाही, हे या दृष्टीने शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

अमेरिकेत अपघातांच्या चिंतेतून 1988 मध्ये उत्पादकांनी सरकारशी न्यायालयीन करार करून तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबवली. तिथल्या मानकांनुसार सहा वर्षांवरील मुलांसाठीच्या लहान क्वाडचा वेग ताशी 24 किलोमीटरपुरता मर्यादित असतो, आणि पालकांना तो आणखी खाली, 16 किलोमीटरवर आणण्याचीही सोय ठेवलेली असते. त्यासाठी अनेक क्वाडांवर अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलपाशी एक साधा स्क्रू असतो.