चुनखडीच्या बरडाची कैफियत

राजुऱ्याहून गडचांदूरच्या बाजूने जिवतीच्या डोंगराकडे निघाले, म्हणजे जेथे करड्या चुनखडीचे थर एकावर एक रचलेल्या फरशांसारखे उघडे पडलेले दिसतात आणि त्यांच्या भेगांतून धावडा, तेंदू व पळस यांची काटक झाडे वर आलेली असतात, तेथे सोबतीला असलेला कोणी ना कोणी एक वाक्य हमखास उच्चारतो : "ही सगळी नापीक जमीन, आपल्या जिल्ह्यातले वाळवंटच हे." हे वाक्य मी परगावच्या पाहुण्यांकडून ऐकले आहे, सुशिक्षित अंमलदारांकडून ऐकले आहे, आणि ज्यांच्या आजोबांनी अशाच जमिनीत ज्वारी व तूर पिकवून संसार केला त्यांच्याकडूनही ऐकले आहे. प्रत्येक वेळी ते अशा निःशंक स्वरात उच्चारले जाते की, त्यात खडक, माती, हवामान आणि महसुली दप्तर या चार भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे हे सांगण्यासाठी प्रथम ऐकणाऱ्याचा आत्मविश्वास थोडा ढळवावा लागतो. तेवढे कष्ट घेण्याजोगा हा विषय आहे. कारण जमिनीला दिलेले चुकीचे नाव कागदावरच राहत नाही, ते पुढे त्या जमिनीचे भवितव्य ठरविते.

प्रथम 'वाळवंट' या शब्दाचाच विचार करू. मराठीत हा शब्द मुळात नदीकाठच्या वाळूच्या पसाऱ्याचा. चंद्रभागेचे वाळवंट आपण म्हणतो तेव्हा तेथे पाऊस पडत नाही असे कोणाला सुचवायचे नसते. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांनी त्याला दुसरा अर्थ दिला, आणि त्या अर्थाने वाळवंट ठरते ते पर्जन्यावरून व बाष्पीभवनावरून. उन्हाच्या तीव्रतेवरून नव्हे आणि दगडांच्या संख्येवरून तर मुळीच नव्हे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांपर्यंत चढतो हे खरे. परंतु त्याच चंद्रपुरात वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेकडे गडचिरोलीच्या अरण्यात तो आणखी वाढतो, तर जैसलमेरला तो २०० मिलिमीटरच्याही आत राहतो. सहापट पावसाच्या प्रदेशाला वाळवंट म्हणणे हे वर्णन नव्हे, तो उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांवरून काढलेला घाईचा निष्कर्ष होय.

आता यावर असा प्रश्न येतो की, हवामान निराळे असले तरी खडक वाळवंटातल्या चुनखडीच्या डोंगरांचाच, तेव्हा माती तीच नसणार काय? नसणार, आणि येथेच या विषयाचे मर्म आहे. चुनखडी ही पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कर्बाम्लाने हळूहळू विरघळते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको किंवा पश्चिम टेक्सासच्या चुनखडीच्या डोंगरांवर, जेथे मैलोगणती गुरांची कुरणे पसरली आहेत, पाऊस इतका तुटपुंजा की विरघळलेला चुना थोडा खाली जातो न जातो तोच पाणी आटते आणि तो तेथेच बसतो. शतकानुशतके असे घडत राहिल्यावर मातीच्या पोटात चुन्याचा पांढरा थर, आणि कोठे कोठे काँक्रीटसारखा कठीण पापुद्रा तयार होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारे पाणी उंचवट्यावरचा बराचसा चुना धुऊन नेते आणि खालच्या सखल भागातील काळ्या मातीत कंकराच्या गाठींच्या रूपाने पुन्हा बसविते. म्हणून एकाच उतारावर वर उथळ व खडेमिश्रित बरड, मध्यावर मध्यम खोलीची जमीन आणि पायथ्याशी खोल काळी जमीन अशी उतरंड आढळते. वरच्या जमिनीला शिव्या देणारा शेतकरी खालच्या जमिनीत कापूस पिकवितो तो काही अंशी वरून आलेल्या मातीच्या व चुन्याच्या जोरावर.

मृदाशास्त्राने हा भेद नावातच गोठवून ठेवला आहे. १९७५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली आणि आपल्याकडेही नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने अंगीकारलेली अमेरिकन वर्गीकरणपद्धती पाहा. वाळवंटी कुरणातील उथळ, अविकसित, खडकावर टेकलेल्या मातीला तीत 'लिथिक टॉरिऑर्थेंट' म्हणतात. पावसाळी-कोरड्या ऋतुचक्रातील तशाच मातीला 'लिथिक उस्टॉर्थेंट' म्हणतात. कानाला ही नावे क्लिष्ट वाटली तरी त्यांची फोड सोपी आहे : 'लिथिक' म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आत सलग कठीण खडक लागतो, 'एंट' हा शेवट म्हणजे मातीत अद्याप निराळे थर पडलेले नाहीत, आणि मधला 'टॉरि' किंवा 'उस्ट' हा अवयव ओलीचा हिशेब सांगतो. मातीला ऊब असण्याच्या काळात ती निम्म्याहून अधिक दिवस पूर्ण कोरडी राहत असेल आणि सलग ९० दिवस तिच्यात ओल टिकत नसेल, तर ती पहिल्या गटातली. मृगापासून हस्तापर्यंत जिच्यात ओल येत-जात राहते ती आपली जमीन दुसऱ्या गटातली. खोली तीच, खडे तेच, चुना तोच असूनही एका अवयवाच्या फरकाने दोन जमिनींची कुळे वेगळी होतात. ज्यांना ही जमीन वाळवंटी म्हणावयाची आहे त्यांनी त्या एका अवयवाचे उत्तर द्यावे.

या वर्गीकरणात 'नापीक' नावाचा वर्ग कोठेही नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. मृदा सर्वेक्षणात खोली मोजलेली असते : १० ते २५ सेंटिमीटर अतिउथळ, २५ ते ५० उथळ. त्यात खडे मोजलेले असतात : २ मिलिमीटरहून मोठा तो खडा, आणि आकारमानाने ३५ टक्क्यांहून अधिक खडे असतील तर ती माती 'सांगाडामय' गणली जाते. त्यात चुना तपासलेला असतो : सौम्य आम्लाचे थेंब टाकल्यावर माती फसफसते की नाही. हे सारे वर्णन आहे, निकाल नव्हे. शेतकऱ्यांच्या भाषेतही असेच निरीक्षण होते. मध्यप्रांताच्या जमाबंदीने काळी, मोरांड, खरडी, बरडी हे जे वर्ग वापरले ते रयतेच्याच तोंडचे शब्द होते. सातासमुद्रांपलीकडचे उदाहरण द्यायचे तर चुनखडीवरील काळसर, उथळ मातीसाठी जगभर रूढ झालेला 'रेंडझिना' हा शब्द पोलंडच्या शेतकऱ्यांचा असून, दगडांवरून नांगर जाताना होणाऱ्या खडखडाटावरून तो आला असे मानतात. ज्या जमिनीचे नावच नांगराच्या आवाजावरून पडले, तीत नांगर चालत होता एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

तथापि या जमिनीचा कैवार घेताना तिचे दोष झाकणे योग्य होणार नाही. ती लवकर तहानते. २५ सेंटिमीटर खोलीच्या मातीत निम्मे खडे असतील तर पाणी धरणारी बारीक माती साडेबारा सेंटिमीटरच उरते. त्यातील सुमारे १५ टक्के जागेत पिकाला उपयोगी पडेल असे पाणी साठते असे धरले, तर एकूण साठा १९ मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि पीक रोज ५ मिलिमीटर पाणी ओढू लागले की पावसाच्या खंडात तो चौथ्या दिवशी संपतो. मीटरभर खोल काळ्या जमिनीत तोच हिशेब महिनाभर पुरतो. तेव्हा शेतकरी ज्याला या जमिनीचा कोरडेपणा म्हणतो तो खरा आहे. परंतु त्याचे कारण मातीच्या भांड्याच्या लहानपणात आहे, पाऊस न पडण्यात नाही. भांडे लहान असेल तर ते वारंवार भरण्याची तजवीज करावी लागते, म्हणजे उताराला आडवे बांध, गवताचे आच्छादन, कमी मुदतीची पिके. पाऊसच नसता तर यांतले काहीही उपयोगी पडले नसते.

भांडे लहान का, याचे उत्तर तर या जमिनीविषयी आदर वाटावा असे आहे. ज्या चुनखडीत न विरघळणारा चिकणमाती-वाळूचा अंश १० टक्के आहे, तिचे ९० टक्के विरघळून वाहून गेल्यावर जो गाळ मागे राहतो त्याचीच माती होते. खडकाची घनता मातीच्या साधारण दुप्पट धरून हिशेब केला तर १० सेंटिमीटर मातीसाठी ५० सेंटिमीटर खडक नाहीसा व्हावा लागतो. चुनखडी अधिक शुद्ध असेल, तिच्यात असा अंश ५ टक्केच असेल, तर पूर्ण एक मीटर. या कामाला हजारो वर्षे लागतात. पैनगंगेच्या खोऱ्यातील हा खडक प्राग्जीव महाकल्पातील, म्हणजे ५० कोटी वर्षांहूनही जुना. त्याच्या पाठीवरची वीतभर माती त्या मानाने कालची असली, तरी माणसाच्या पिढ्यांच्या हिशेबात ती एकदा गेली की पुन्हा येणारी नाही. गावातील माणूस तिला हलकी जमीन म्हणतो. तिचे हलकेपण वजनात असेल, मोलात नाही.

मग 'नापीक' हा शिक्का आला कोठून? तो मुख्यतः दप्तरातून आला. सातबाऱ्यावर 'पोटखराब' असे लिहिलेले दिसले की खातेदार स्वतःच त्या तुकड्याला मेलेली जमीन समजू लागतो. वास्तविक जमीन महसुलाच्या नियमांप्रमाणे पोटखराबाचे दोन वर्ग आहेत : मोजणीच्या वेळी लागवडीस अयोग्य ठरलेले क्षेत्र 'अ' वर्गात, आणि रस्ता, तळे, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक उपयोगामुळे आकारणीतून वगळलेले क्षेत्र 'ब' वर्गात. 'मोजणीच्या वेळी' या शब्दांकडे लक्ष द्यावे. ती आकारणीपुरती नोंद आहे, मातीच्या स्वभावाचा दाखला नाही. हीच गोष्ट पूर्व विदर्भातील 'झुडपी जंगल' या नोंदीची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या नावाखाली आहे. मुरमाड जमिनीवर मोठे जंगल होत नाही, सबब ही निकृष्ट पडीत आहे, असे वर्षानुवर्षे मानले गेले, आणि अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच आहेत असा निर्णय दिला. मोठी झाडे न वाढणे आणि काहीच न वाढणे यांतील अंतर कुसळ, पवन्या व मारवेल यांच्या गवताळ माळावर गुरे राखणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. भूमीच्या क्षमतेचे जे आठ वर्ग शास्त्राने केले आहेत त्यांत सहावा व सातवा हे चराई आणि वनासाठीच सांगितलेले आहेत. चराईस योग्य असणे हा उपयोगच आहे, उपयोगाचा अभाव नव्हे.

या मुख्य भ्रमाच्या आश्रयाने वाढलेल्या लहानसहान समजुतींचाही थोडक्यात निकाल लावू.

गैरसमज : मुरूम म्हणजेच चुनखडी. वस्तुस्थिती : मुरूम हा कोणत्याही खडकाचा कुजून सुटा झालेला भुगा होय, लिंबाचा रस पिळल्यावर जो फसफसतो त्यात चुना आहे, जो शांत राहतो त्यात तो बहुधा नाही.

गैरसमज : पांढरी माती दिसली की ती चुन्याचीच. वस्तुस्थिती : जुन्या गावठाणाची पांढरी राखेमुळे व वस्तीमुळे फिकी झालेली असते, आणि खारवट जमिनीवरचा पांढुरका थर क्षारांचा असतो, तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत.

गैरसमज : काळी माती केवळ काळ्या बेसाल्टपासूनच होते. वस्तुस्थिती : कोरपना-राजुऱ्याच्या पट्ट्यात चुनखडीवरही काळी जमीन आहे व तीत कापूस होतो.

गैरसमज : गडचिरोलीत चुनखडी नाही, तेथे सारा जुना स्फटिकी खडक. वस्तुस्थिती : सिरोंचा तालुक्यातील कोटा गावाच्या नावाने ओळखला जाणारा ज्युरासिक काळातील खडकसमूह चुनखडीसाठी व तीत सापडलेल्या माशांच्या जीवाश्मांसाठी भूशास्त्रज्ञांना परिचित आहे.

गैरसमज : घनदाट झाडी आहे म्हणजे माती खोल असणार. वस्तुस्थिती : चुनखडीच्या भेगांतून मुळे खडकाच्या आत कित्येक हात जातात; मातीची खोली झाडावरून नव्हे, कुदळ मारून कळते.

गैरसमज : पीक पिवळे पडले, तेव्हा चुन्याने जमीन विषारी झाली. वस्तुस्थिती : चुन्यामुळे लोह, जस्त व स्फुरद मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत, शेणखताने व योग्य अन्नद्रव्याने हा केवडा, म्हणजे पिवळेपणा, आटोक्यात येतो.

गैरसमज : शेतातले सगळे दगड वेचले की जमीन सुधारते. वस्तुस्थिती : नांगराला अडणारे मोठे गोटे काढावेत, परंतु वरचे बारीक खडे पावसाचा मार झेलतात आणि बाष्पीभवन कमी करतात, ते सारे उचलले तर पहिल्याच मोठ्या सरीत मातीच उचलली जाते.

या सर्वांत पहिल्या भ्रमाविषयीच माझा स्वर चढतो, कारण त्याचे परिणाम सर्वांत महाग पडतात. नापीक म्हटलेल्या जमिनीची माती कोणी जपत नाही; तिच्यावर खोल मुळांची झाडे लावून ती जगली नाहीत की दोष तिलाच दिला जातो, आणि खाली चुनखडी आहे एवढ्यावरून वरच्या मातीला केवळ अडगळ समजण्यात येते. चुनखडी सिमेंटसाठी लागते, ती खणली जाणार, हे मान्य करूनही एक गोष्ट स्मरणात ठेवावी : खाणकामाचे नियमच सांगतात की वरची माती आधी वेगळी काढावी, निराळी साठवावी आणि पुढे त्याच जमिनीच्या पुनर्वसनासाठी वापरावी. खडकाचा हिशेब टनांनी ठेवणाऱ्या कायद्यालाही वरच्या वीतभर मातीची किंमत कळली आहे. आपल्या गावच्या बरडावर उभे राहून तिला नापीक म्हणण्यापूर्वी आपणही एकदा कुदळ मारावी, वीत लावून खोली मोजावी, मूठभर माती घेऊन तीत खडे किती व माती किती ते पाहावे, आणि मग त्या जमिनीला जे नाव द्यावयाचे ते द्यावे.