सिकलसेल आणि नेत्र : चुकलेल्या तपासणीचे मोल

दिवा जंक्शन वसई मार्गाने पालघरच्या आदिवासी पट्ट्याशी जोडलेले आहे. तेथून, तसेच विदर्भातून कामानिमित्त आलेल्या काही रुग्णांजवळ सिकलसेलचे कार्ड असते. आपण पांडुता व संधिशूल यांची चौकशी करतो. नेत्रांची मात्र राहून जाते.

माझ्याकडूनही ती राहिली. पंचविशीतील एक तरुण दोन वर्षे संधिशूलासाठी येत होता. रुग्णालयाने दरवर्षी नेत्रतपासणी सांगितली होती. परंतु दिसत उत्तम होते आणि एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. एके दिवशी तो म्हणाला, "डॉक्टर, डोळ्यांपुढे माश्या उडतात." तोवर एका नेत्रात रक्तस्राव होऊन दृष्टिपटल सुटू लागले होते. शस्त्रक्रियेनंतर त्या नेत्राची दृष्टी अंशतःच परतली; दुसरा नेत्र वेळीच केलेल्या लेसरमुळे वाचला.

सुश्रुताचार्यांनी द्वितीय पटलगत तिमिरात माश्या, डास, केस व जाळी दिसण्याचे वर्णन केले आहे. सिकलसेलमध्ये मात्र या लक्षणापर्यंत थांबणे घातक ठरते. विळ्याच्या आकाराच्या पेशी दृष्टिपटलाच्या कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रोधतात. रक्तपुरवठा तुटलेल्या भागालगत नाजूक नव्या वाहिन्या फुटतात. गोल्डबर्ग यांनी 1971 मध्ये सांगितलेल्या पाच अवस्थांपैकी ही तिसरी. चौथी रक्तस्रावाची, पाचवी पटल सुटण्याची. पहिल्या तीन अवस्थांत रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणूनच वयाच्या दहाव्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी, बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासणे आवश्यक आहे. केवळ चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे.

चिकित्सेतही काही पथ्ये आपण पाळावीत. शरीरातील जलांश घटल्यास पेशी अधिक विळाकार होतात. म्हणून तीव्र विरेचन व स्वेदन टाळावे. रक्तमोक्षण करू नये. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साचलेले असू शकते. त्यामुळे सप्तामृत लोहासारखे कल्प फेरिटिन पाहिल्याविना देऊ नयेत. औषधविक्रेत्यांनीही हे ध्यानी ठेवावे. चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये. नेत्राला मार लागून आत रक्त साचल्यास, रुग्ण केवळ वाहक असला तरी, त्वरित नेत्ररोगतज्ज्ञाकडे धाडावे. नेत्रदाब वाढून दृष्टी जाऊ शकते.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे ध्येय ठेवले आहे. आपला वाटा लहान, पण नेमका आहे. केसपेपरवर शेवटच्या नेत्रतपासणीची तारीख लिहावी, पुढची ठरवून द्यावी आणि रुग्ण चुकला तर दूरध्वनी करावा. त्या तरुणाच्या केसपेपरवर ती जागा दोन वर्षे कोरी होती.