दिवाणखान्यातील बैठक आणि सेक्शनल सोफ्याची रचना

मराठीतील ‘बैठक’ या शब्दाचे अर्थ लक्षात घेण्यासारखे आहेत. बसण्याची जागा, बसण्याची रीत, बसलेल्या माणसांचा मेळावा आणि त्या मेळाव्यात होणारी चर्चा, या सर्वांना हा एकच शब्द पुरतो. अशा प्रकारचा अर्थविस्तार अन्य शब्दांतही आढळतो. ‘दिवाण’ हा फारसी शब्द नोंदवही, कचेरी, दरबार अशा पायऱ्यांनी आसनापर्यंत आला. ‘सदर’ हा शब्द ज्या अरबी शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ छाती, म्हणजे पुढचा भाग असा असून त्यावरून सभेतील अग्रस्थान हा अर्थ निघाला. ‘सोफा’ याचे मूळ अरबीतील ‘सुफ्फा’, म्हणजे बसण्याचा उंच कट्टा, हे होय. आसन आणि संभाषण यांचा संबंध भाषेने असा आधीच नोंदवून ठेवलेला आहे. घरासाठी सोफा निवडताना मात्र तो बहुधा विसरला जातो आणि खोलीच्या भिंती मोजून निर्णय घेतला जातो.

सेक्शनल सोफा म्हणजे सुटे भाग जोडून इष्ट आकार देता येणारा सोफा. १९४०च्या दशकात अमेरिकेत हार्वे प्रोबर यांच्यासारख्या रचनाकारांनी या प्रकाराला चालना दिली. आज तो आपल्याकडील सदनिकांतही सर्रास दिसतो. त्याच्या मुख्य मांडण्या तीन : एका भिंतीला लागून सरळ रांग, काटकोनात वळणारी ‘एल’ आकाराची आणि तिन्ही बाजूंनी वेढणारी ‘यू’ आकाराची. यांपैकी कोणती मांडणी कोठे योग्य, हे ठरविण्यासाठी प्रथम माणसे एकमेकांशी कशी बसून बोलतात हे पाहणे आवश्यक आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातील एका मनोरुग्णालयात सुरू झाला. हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५७ मध्ये जागांचे दोन वर्ग केले : माणसांना परस्परांपासून दूर लोटणाऱ्या आणि परस्परांकडे ओढणाऱ्या. रेल्वेच्या प्रतीक्षालयातील बाकांच्या रांगा पहिल्या वर्गात मोडतात. त्यांचे सहकारी रॉबर्ट सोमर यांना तेथील वृद्ध स्त्रियांच्या कक्षात खुर्च्या भिंतीलगत ओळीने मांडलेल्या आढळल्या. कक्ष नीटनेटका दिसे. परंतु त्यातील स्त्रिया क्वचितच एकमेकींशी बोलत. खुर्च्या लहान मेजांभोवती आणल्यानंतर काही आठवड्यांत संभाषणांचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले. माणसे तीच होती. बदलली होती ती केवळ बैठक.

सोमर यांच्या आणखी दोन निरीक्षणांचा सोफ्याशी प्रत्यक्ष संबंध पोहोचतो. पहिले असे की, आयताकृती मेजाशी बसलेल्या व्यक्तींत सर्वाधिक संभाषणे मेजाच्या कोपऱ्यालगत काटकोनात बसलेल्यांमध्ये होत. शेजारी बसलेल्यांत ती त्याहून कमी आणि मेजाच्या रुंदीपलीकडे समोरासमोर बसलेल्यांत सर्वांत कमी होत. दुसरे निरीक्षण १९६२ मधील आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन सोफ्यांतील अंतर थोडे असताना बोलणाऱ्या दोन व्यक्ती समोरासमोर बसणे पसंत करीत. परंतु दोन चेहऱ्यांमधील अंतर सुमारे साडेपाच फुटांपलीकडे गेले की त्या एकाच सोफ्यावर शेजारी बसू लागत. एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दीड ते चार फूट हे ‘वैयक्तिक’ आणि चार ते बारा फूट हे ‘सामाजिक’ अंतर मानले आहे. हे आकडे अमेरिकन मध्यमवर्गाच्या निरीक्षणावर आधारलेले असून प्रत्येक समाजाचे माप निराळे असते, हे हॉल यांनीच प्रतिपादिले आहे. म्हणून ते नियम न मानता दिशादर्शक मानणे उचित होय.

आता एक उदाहरण घेऊ. दिवाणखाना दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब आहे असे समजावे. सोफ्याची पाठीसह खोली तीन फूट, हाताची रुंदी सहा इंच आणि एका माणसास लागणारी जागा सव्वादोन फूट धरावी.

सरळ मांडणीत लांब भिंतीलगत आठ फुटांचा सोफा सहज बसतो आणि तीन माणसांची सोय होते. परंतु तिघेही एकाच दिशेस पाहतात. दोन टोकांच्या व्यक्तींना बोलायचे असल्यास मधल्यास मागे रेलावे लागते. समोर दूरचित्रवाणी संच असेल तर ही रचना प्रेक्षागृहाची होते. केवळ पाहण्यासाठी ती उत्तम असली तरी बोलण्यासाठी अपुरी ठरते.

‘एल’ मांडणीत लांब भुजा आठ फूट आणि आखूड भुजा सहा फूट घेतल्यास कोपऱ्याचा तीन फुटांचा चौरस दोहोंना समाईक राहतो. तो वगळता लांब भुजेवर दोघांची आणि आखूड भुजेवर एकाची जागा उरते. विक्रेता अशा सोफ्यास पाच किंवा सहा आसनी म्हणेल. परंतु कोपऱ्यात कोणी बसल्यास त्याचे गुडघे दोन्ही शेजाऱ्यांच्या गुडघ्यांना अडतात. कोपरा रिकामा ठेवल्यास त्याच्या दोन बाजूंच्या व्यक्ती काटकोनात, सुमारे चार फुटांच्या अंतराने बसतात आणि सर्वांत दूरच्या दोघांतील अंतरही सहा फुटांच्या आतच राहते. सोमर यांची दोन्ही निरीक्षणे येथे जवळपास पूर्णतः लागू पडतात. आखूड भुजा खोलीच्या रुंदीत आडवी आली तरी तिच्या टोकाशी चार फुटांची वाट उरते. येण्याजाण्यास अडीच ते तीन फूट पुरतात. कोपऱ्यासमोर एकदोन सुट्या खुर्च्या ठेवल्या म्हणजे वर्तुळ पूर्ण होते.

‘यू’ मांडणी पाहुणचारास सर्वांत अनुकूल वाटते. तथापि तिचे गणित कठोर आहे. तळाची भुजा आठ फूट असल्यास दोन बाजूंचे तीन-तीन फूट वजा जाऊन आत अवघे दोन फूट उरतात. दोन फुटी मेज आणि त्याच्या दोन्ही अंगांना दीड-दीड फूट मोकळीक हवी असेल, तर आत पाच फूट आणि तळाशी अकरा फूट लागतात. दहा फुटी रुंदीत ही मांडणी आडवी बसत नाही. उभी बसविल्यास बाजूच्या भुजा वाट अडवितात. शिवाय समोरासमोरच्या चेहऱ्यांतील अंतर सात फुटांच्या घरात जाते. सारांश, ‘यू’ आकार मोठ्या दालनासाठीच योग्य होय.

केवळ मापांनी मात्र हा प्रश्न सुटत नाही. घरातील वृद्ध व्यक्तीस सोफ्याच्या खोल, मऊ कोपऱ्यातून उठणे कठीण जाते. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसणे आवश्यक असते; रांगेच्या टोकाशी बसविल्यास अशी व्यक्ती सर्वांमध्ये असूनही संभाषणाबाहेर पडते. तिच्यासाठी कोपऱ्यालगतची, टणक बैठकीची आणि हात टेकता येईल अशी जागा राखावी. स्वयंपाकघरातून ये-जा करणाऱ्या व्यक्तीसाठी वाटेकडील टोकाचे आसन मोकळे असावे. अन्यथा तिला बैठकीत उभ्यानेच भाग घ्यावा लागतो. पाय पसरण्यासाठी जोडलेला लांब भाग एकट्याच्या विश्रांतीस सुखकर असतो. परंतु पाहुण्यांकडे पाय करून बसणे आपल्याकडे असभ्य मानले जात असल्याने चारचौघांत तो बहुधा रिकामाच राहतो.

शेवटी एक भाषिक अडचण. सोफा मागविताना आखूड भुजा ‘डावीकडे’ हवी असे लिहिले जाते. डावीकडे म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्याच्या की सोफ्यासमोर उभे राहून पाहणाऱ्याच्या? स्टीफन लेव्हिन्सन यांनी २००३ मधील ग्रंथात स्थलनिर्देशाच्या तीन चौकटी विवेचिल्या आहेत : वस्तूच्या स्वतःच्या बाजूंवर आधारलेली, पाहणाऱ्यावर आधारलेली आणि पूर्व-पश्चिमेसारख्या स्थिर दिशांवर आधारलेली. व्यापारात सामान्यतः समोरून पाहणाऱ्याची बाजू धरतात, तर घरचा माणूस आपण बसलो आहोत अशी कल्पना करतो. एका शब्दाच्या या दोन चौकटींमुळे उलट्या बाजूचा सोफा घरी येऊन पडतो. त्यावर उपाय सोपा आहे : ‘डावा-उजवा’ न लिहिता ‘खिडकीकडील’, ‘दाराकडील’ असे लिहावे आणि सोबत आकृती जोडावी. तत्पूर्वी सोफ्याचा आकार जमिनीवर खडूने आखून घरातील सर्वांनी त्याच्या कडेने बसून पाहावे, तसेच सर्वांत मोठा सुटा भाग जिन्यातून व दारातून येईल की नाही तेही मोजावे.

आखलेल्या त्या रेषांत घरातील प्रत्येकास दुसऱ्याचा चेहरा मान न वळविता दिसत असेल, तर निवड योग्य झाली असे समजावे. तसे नसेल, तर सोफा कितीही किमती असला तरी दिवाणखान्यास केवळ आसने लाभतील. बैठक लाभणार नाही.