विनापरवाना फेरफार केलेल्या घराची खरेदी : एक विवेचन

दिघी हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. भोसरी-चाकणच्या कारखान्यांमुळे वाढलेली निवासाची गरज व गुंठा-दोन गुंठ्यांचे भूखंड यांतून येथे जी वस्ती उभी राहिली, तीत मूळच्या तळमजल्यावर मागाहून मजले चढविलेली किंवा सामासिक अंतर बंदिस्त केलेली घरे आढळतात. असे घर विकत घेणाऱ्याच्या पदरी नेमके काय पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विक्रेता सामान्यतः दोन कागद पुढे करतो : नोंदणीकृत खरेदीखत व मिळकतकराची पावती. पैकी खरेदीखत हा हस्तांतराचा पुरावा होय. इमारत मंजूर नकाशाबरहुकूम आहे, अशी ग्वाही त्यातून मिळत नाही. करपावतीचा अर्थ त्याहूनही मर्यादित आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये बेकायदा बांधकामावर शास्ती बसविण्याची तरतूद असून, तिची वसुली म्हणजे बांधकामाचे नियमितीकरण नव्हे, असे तेच कलम सांगते. पिंपरी-चिंचवडमधील थकीत शास्ती शासनाने मार्च २०२३ मध्ये माफ केली. तीमुळे कराचा बोजा उतरला, बांधकामाचा दोष मात्र उरलाच.

परवानगीचा प्रश्न या दोहोंहून स्वतंत्र आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ५३ खाली बांधकाम काढून टाकण्याची नोटीस विद्यमान मालकावर बजावता येते. मजला आपण चढविला नाही, हे उत्तर तेथे पुरेसे ठरत नाही.

मग विक्रेत्याची जबाबदारी कोणती? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदारास ठाऊक नसलेला व सामान्य दक्षतेने न उमगणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने प्रकट केला पाहिजे. येथे फेरफारांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. वाढीव मजला नकाशाशी ताडून पाहताच ध्यानात येतो. म्हणून त्याबाबत या कलमाचा आधार दुबळा ठरतो. उलट, दुकानाच्या गाळ्यासाठी तळमजल्यावरील भारवाही भिंत काढून वर गिलावा केला असेल, तर तो दोष दृष्टीआड असतो. पहिल्या प्रकारात धोका मुख्यतः पैशाचा असतो, तर दुसऱ्यात प्राणांचाही. नियमितीकरणाचे शुल्क भरल्याने अशक्त झालेली इमारत सशक्त होत नाही.

नियमितीकरणाच्या वाटाही कालमर्यादित आहेत. १९६६ च्या अधिनियमातील कलम ५२-अ हे ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरते आहे. गुंठेवारी अधिनियमाची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. शिवाय दिघीच्या काही भागास संरक्षण खात्याच्या दारूगोळा साठ्यामुळे निर्बंध लागू आहेत. तेव्हा ‘पुढे नियमित होईल’ या आश्वासनावर किंमत ठरविणे धोक्याचे होय. सर्वोच्च न्यायालयानेही १७ डिसेंबर २०२४ च्या निर्णयात, प्रशासनाचा विलंब वा दुर्लक्ष यांमुळे अनधिकृत बांधकाम वैध ठरत नाही, असे म्हटले असून, कर्ज देण्यापूर्वी पूर्णत्वाचे वा भोगवट्याचे प्रमाणपत्र पडताळण्याचे निर्देश बँकांना दिले आहेत.

यावरून व्यवहाराचा क्रम निश्चित होतो. प्रथम महानगरपालिकेकडून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत घ्यावी. संरचना अभियंत्याकडून प्रत्यक्ष मोजमाप व भारवाही भागांची तपासणी करून घ्यावी. आणि जे नियमित होण्याजोगे असेल ते विक्रेत्यानेच खरेदीखतापूर्वी नियमित करून द्यावे, अशी अट साठेखतात घालावी. जन्माची पुंजी हातातून गेल्यावर केलेल्या चौकशीने दोष कळतो, परंतु तो विक्रेत्याकडून दूर करून घेण्याचे बळ उरत नाही.