कार्व्हर यांच्या चरित्रांतील खरें आणि ऐकीव

शेतकीच्या सभेंत किंवा शाळेच्या समारंभांत भुईमुगाचा विषय निघाला कीं, अमेरिकेंतील कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें नांव हटकून निघतें. श्रीमती वीणा गवाणकर यांचें ‘एक होता कार्व्हर’ हें चरित्र १९८१ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून हें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें आहे, आणि तें पोंचावयास पाहिजेच होतें. परंतु पुस्तक वाचणारा एक आणि ऐकून सांगणारे दहा, असा प्रकार झाल्यामुळें लोकांच्या तोंडीं या पुरुषाविषयीं नाना गोष्टी रूढ झाल्या आहेत. भुईमुगाचा शोध कार्व्हर यांनीं लाविला, असें एका व्याख्यानांत आम्हीं स्वतःच्या कानांनीं ऐकिलें! भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेंतला; तेथील रहिवासी तो हजारों वर्षें पिकवीत आले आहेत.

आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. तेथें साधा फेरफार मंजूर व्हावयाचा तरी वर्दी लागते, नोटीस निघते, हरकत असेल त्याचें म्हणणें ऐकून घेतात, आणि मगच सही होते. थोर पुरुषाच्या चरित्रास निदान तेवढी तरी चौकशी मिळावी, इतकीच आमची इच्छा आहे.

प्रथम जन्माची नोंद पाहूं. मिसूरी प्रांतांत डायमंड गांवाजवळ मोझेस कार्व्हर नांवाच्या शेतकऱ्याकडे गुलाम असलेल्या स्त्रीच्या पोटीं ते जन्मले. साल बहुधा १८६४ धरितात. परंतु गुलामांच्या मुलांची जन्मनोंद कोणी ठेवीत नसे, तेव्हां कोणी नक्की तारीख सांगूं लागल्यास ती अंदाजाची समजावी. तान्हेपणीं आईसह त्यांस चोरट्यांनीं पळविलें, आई पुन्हां मिळाली नाहीं, व मूल परत आणणाऱ्यास मोझेसनें एक घोडा दिला, ही हकीकत सर्व चरित्रकार देतात व ती नाकारण्यास कारण दिसत नाहीं. आयोवा येथील शेतकी कॉलेजची १८९४ सालची पदवी व १८९६ सालची एम्. एस्. हीं मात्र कागदोपत्रीं पक्कीं आहेत. ‘डॉक्टर’ हा किताब परीक्षा देऊन मिळविलेला नव्हे. तो सिंप्सन कॉलेजनें १९२८ सालीं सन्मानार्थ दिला.

आतां शेंगदाण्याच्या लोण्याकडे वळूं. हें लोणी कार्व्हर यांनीं शोधिलें, ही समजूत सर्वांत दृढ आहे आणि तीच सर्वांत खोटी आहे. कॅनडांतील मार्सेलस एड्सन यांस भाजलेल्या शेंगदाण्याच्या पिठ्याबद्दल अमेरिकेचें पेटंट १८८४ सालीं मिळालें, तेव्हां कार्व्हर विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. मिशिगनमधील डॉ. केलॉग यांनीं १८९५ सालीं तशाच पदार्थासाठीं अर्ज केला. कार्व्हर यांची भुईमुगावरील प्रसिद्ध पुस्तिका, अनुक्रमांक ३१, निघाली १९१६ सालीं. तींत भुईमूग पिकविण्याची रीत व १०५ खाद्यप्रकार आहेत. त्यांतील पुष्कळ पाककृती इतरांच्या पुस्तकांतून व मासिकांतून घेतल्या असल्याचें त्यांनीं पुस्तिकेंतच कबूल केलें आहे. ज्याचें त्यास श्रेय देणाऱ्या माणसाच्या पदरीं दुसऱ्याचें श्रेय बांधावयाचें, हा कसला सत्कार?

‘तीनशें पदार्थ’ हा आंकडाहि असाच. यादी आहे, हें खरें. पण तींत एकाच जातीचे रंग, मलमें, पेयें पुनःपुन्हां मोजलेलीं आहेत, आणि बहुतेकांची कृति त्यांनीं लिहून ठेविली नाहीं. कृति नाहीं तर दुसऱ्यानें तो पदार्थ करून पाहावा कसा? त्यांनीं एकहि पेटंट घेतलें नाहीं, असें सांगणारेहि चुकतात. तीन घेतलीं: १९२५ सालीं शेंगदाण्यापासून प्रसाधनाचें एक, आणि १९२५ व १९२७ सालीं मातीपासून रंग बनविण्याचीं दोन. त्यांतून व्यापारी फळ कांहींच निघालें नाहीं. एडिसन यांनीं मोठ्या पगारावर त्यांस बोलाविलें, या गोष्टींत पगाराचा आंकडा प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलतो. आमच्या कचेरींत असा आंकडा कोणी मान्य केला नसता. पोलिओवरील शेंगदाण्याच्या तेलाचा बोलबाला १९३३ सालीं वृत्तपत्रांनीं केला व दूरदूरचे रोगी आले. तेलानें रोग बरा होत असल्याचें कधींच सिद्ध झालें नाहीं. कोणास आराम पडला असेल तर तो चोळण्यानें व व्यायामानें.

कापसाच्या किडीविषयीं आपल्याकडे एक निराळाच घोटाळा झाला आहे. ज्या किडीनें अमेरिकेंतील कपाशी बुडविली ती आपली बोंडअळी, असें पुष्कळजण समजतात. तो अळी नसून लांब सोंडेचा भुंगेरा आहे. तो मेक्सिकोकडून १८९२ च्या सुमारास टेक्सास प्रांतांत शिरला, १९१० सालीं अलाबामांत पोंचला. आपल्या देशांत तो नाहीं. त्याच्या स्वारीनंतर दक्षिणेकडील शेतकरी भुईमुगाकडे वळले हें खरें, पण व्हर्जिनिया वगैरे प्रांतांत हें पीक पूर्वींपासूनच बाजारासाठीं होत असे. एका माणसानें सारी दक्षिण भुईमुगाखालीं आणिली, असें म्हणणें बाजारभाव, युद्धकाळची मागणी, नवीं यंत्रें आणि हजारों शेतकऱ्यांचा स्वतःचा विचार यांवर अन्याय करणारें आहे. शेंगवर्गीय पिकें जमिनींत नत्र भरतात, हेंहि शास्त्रीय दृष्ट्या प्रथम जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं १८८६ ते १८८८ या काळांत दाखविलें. आणि हरभऱ्याचा बेवड म्हणजे काय, हें आमच्या आजोबांस कोणत्याहि प्रयोगशाळेनें शिकविलें नव्हतें.

मग हें सर्व वाढलें कसें? एकट्या कोणाचा दोष नाहीं. गोऱ्या वृत्तपत्रांस नम्र, धार्मिक व तक्रार न करणारा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आवडे. कृष्णवर्णीय समाजास अपमानाच्या दिवसांत अभिमानाचें स्थान हवें होतें. टस्कीगीच्या संस्थेस देणग्या लागत. कार्व्हर यांनींहि वाढत्या कीर्तीस नेटानें आळा घातला नाहीं. १९०४ सालीं तर संस्थेच्या कोंबड्यांच्या विभागाचे त्यांचे अहवाल फुगविलेले आहेत, असा ठपका संस्थेच्याच समितीनें ठेविला. पुढें १९६२ सालीं सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्यानें मिसूरी विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांकडून त्यांच्या शास्त्रीय कार्याचा अहवाल मागविला; शोधक म्हणून त्यांची कीर्ति वाजवीपेक्षां मोठी आहे असा निर्वाळा निघाला, आणि खात्यानें तो अहवाल लोकांपुढें न आणतां ठेवून दिला. ‘दप्तरीं दाखल’ हा शेरा आमच्याच देशाची मिरास आहे असें आम्ही समजत होतों.

एवढें वजा करून काय उरतें, तें आतां पाहावें. आमच्या मतें जें उरतें तेंच शेतकऱ्यानें डोक्यावर घेण्याजोगें आहे.

बुकर वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर १८९६ सालीं टस्कीगीस आले. पुढल्याच वर्षीं अलाबामाच्या कायदेमंडळानें तेथें प्रयोगक्षेत्र मंजूर केलें, आणि खर्चास वर्षाला अवघे १,५०० डॉलर. भोंवतालचे शेतकरी बहुतेक वांटेकरी. जमीन दुसऱ्याची, बियाणें व धान्य दुकानदाराकडून उधारीचें, आणि ती उधारी कापसावरच मिळावयाची, म्हणून झोंपडीच्या उंबऱ्यापर्यंत कपाशी. पुन्हां पुन्हां कपाशी घेऊन जमीन थकलेली. अशा माणसास विकतचें खत सांगणें म्हणजे थट्टाच. कार्व्हर यांनीं त्यास रानांतला पालापाचोळा व दलदलीची काळी रेव कुजवून घालण्यास सांगितलें, चवळी पेरण्यास सांगितलें, रताळीं लावण्यास सांगितलें. हीं खर्चाचीं कामें नव्हत, अंगमेहनतीचीं होतीं. त्यांच्या ४४ पुस्तिकांपैकीं पहिली, १८९८ सालची, ओकच्या झाडाचीं फळें जनावरांस चारण्याविषयीं आहे. १९०५ सालची सहावी पुस्तिका थकलेली जमीन कशी सुधारावी, याविषयीं आहे. तींत चमत्कार नाहीं, म्हणून ती व्याख्यानांत येत नाहीं. भुईमुगाचे १०५ प्रकार सांगण्याचा हेतूहि हाच, कीं बाजार पडला तरी पीक निदान घरच्या ताटांत यावें.

जे शेतकरी संस्थेपर्यंत येऊं शकत नसत, त्यांच्यासाठीं न्यूयॉर्कचे सावकार मॉरिस जेसप यांच्या पैशानें १९०६ सालीं अवजारें व नमुने भरलेली एक गाडी तयार झाली. तिची योजना कार्व्हर यांची. ते स्वतः ती गाडी गांवोगांव हांकीत फिरले, असें चित्र कांहीं ठिकाणीं काढितात. गाडी घेऊन हिंडण्याचें काम त्यांचे शिष्य टॉमस कॅम्बेल यांच्याकडे होतें, आणि त्यांचें नांव आपल्याकडे कोणी घेत नाहीं. वनस्पतिरोगांच्या अभ्यासांत मात्र कार्व्हर अस्सल तज्ज्ञ होते. कांहीं बुरशींस त्यांचें नांव शास्त्रज्ञांनींच दिलें आहे.

त्यागाचें म्हणाल तर त्यास अतिशयोक्तीची गरजच नाहीं. पहिलीं वर्षें जागेवरून व प्रयोगशाळेवरून ते चालकांशीं बरेच भांडले, राजीनाम्याच्या धमक्याहि दिल्या. तीं पत्रें शिल्लक आहेत, आणि त्यांवरून दिसतो तो हाडामांसाचा माणूस. पैशाच्या बाबतींत मात्र साधेपणानें राहून जें सांठविलें तें त्यांनीं स्वतःच्या नांवच्या संशोधन-निधीस दिलें. ५ जानेवारी १९४३ रोजीं ते वारले तोंपर्यंतचें व त्यानंतरचें मिळून तें सुमारें ६०,००० डॉलर भरलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अमेरिकेच्या सरकारनें डायमंडजवळची ती जन्मभूमि राष्ट्रीय स्मारक म्हणून मंजूर केली. कृष्णवर्णीय नागरिकाच्या नांवें झालेलें त्या देशांतील तें पहिलें राष्ट्रीय स्मारक.