माथ्यावरच्या इलेक्ट्रॉनांची खानेसुमारी

पिरंगुटापलीकडच्या कासार आंबोलीत ज्यांच्या घरी मध्यम लहरींचा जुना रेडिओ अद्याप शाबूत आहे, त्यांनी भर दुपारी काटा फिरविला, तर 792 किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र आणि फार तर मुंबई एवढाच ऐवज हाती लागतो; परंतु दिवेलागण टळून गेल्यावर तोच काटा फिरविला असता परप्रांतीय केंद्रांची एकच गर्दी उसळते. या फरकाचे कारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर, आयनांबराच्या ‘डी’ नामक सर्वांत खालच्या स्तरात आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी तेथील नायट्रिक ऑक्साइडपासून सुटे केलेले इलेक्ट्रॉन रेडिओलहरींची ऊर्जा घेतात, हवेच्या रेणूंवर आदळतात आणि ती ऊर्जा तेथेच खर्ची पडते. सूर्याचा अंमल उठला की त्यांची संख्या घटते व लहरी निर्वेधपणे वरच्या स्तरांवर जाऊन, परावर्तन पावून दूरवर उतरतात.

त्या वरच्या स्तरांची मोजदाद तुलनेने सुलभ. ब्राइट आणि ट्यूव्ह या शास्त्रज्ञांनी 1925 साली रेडिओस्पंद वर धाडून त्यांचे प्रतिध्वनी टिपले, तेव्हापासून कंप्रता वाढवीत न्यावी आणि प्रतिध्वनी कोठे नाहीसा होतो ते पाहावे, अशी रीत पडली. परावर्तनास लागणारी इलेक्ट्रॉनांची घनता कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, 9 मेगाहर्ट्झला प्रतिध्वनी थांबला तर घनसेंटिमीटरमागे इलेक्ट्रॉन सुमारे 10 लाख. इतक्या अल्प सामग्रीत इतकी नेमकी खानेसुमारी अन्यत्र क्वचितच होत असेल.

‘डी’ स्तरात मात्र इलेक्ट्रॉन काही शे, फार तर काही हजार. आणि फुगे तेथवर पोचत नाहीत, उपग्रह तेथे टिकत नाहीत. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने मुख्यतः त्या उंचीवरच्या वाऱ्यांसाठी उभारलेले रडार 1.98 मेगाहर्ट्झवर चालते. या कंप्रतेच्या पूर्ण परावर्तनास 48 हजारांवर इलेक्ट्रॉन लागतात. म्हणून ‘डी’ स्तरातून परत येतो तो अर्धा सहस्रांश सेकंदाने पोचणारा, अतिक्षीण, अंशतः परावर्तित प्रतिध्वनी. या जातीच्या रडारांतून घनता काढतात ती अशी : पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे लहरीच्या दोन शाखा होतात, आणि एकाच वाटेने जाऊन आलेल्या दोन वाटसरूंपैकी एक अधिक थकलेला असावा, तशी त्यांतली एक अधिक शोषली जाते; उंचीगणिक हा फरक ताडून इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडतात. सौरज्वालेच्या क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन एकाएकी वाढले, तर शोषणही इतके वाढते की प्रतिध्वनी दोन्ही शाखांचा लुप्त होतो, आणि ऐन मोक्याच्या वेळी रडारच्या दप्तरात कोरा रकाना राहतो.